महाबळेश्वरला दोन दिवस : कुठे खावे, काय प्यावे?

दिवाळीची सुटी, नाताळ आणि मे महिना संपला, की आमच्या दवाखान्यात सोमवारी सकाळी एक ठराविक गर्दी होते. शनिवार-रविवार जोडून महाबळेश्वर-पाचगणी करून आलेली ही कुटुंबे असतात. कुणाला जुलाब होत असतात, कुणाच्या पोटात मुरडा असतो, लहान मुलाच्या उलट्या थांबत नसतात. कारण विचारले की उत्तर ठरलेले : "डॉक्टर, तिथली थंड हवा बाधली."

वाचकहो, हवा बाधून जुलाब होत नाहीत. हवा तिथली उत्तमच आहे. बाधते ते त्या दोन दिवसांत आपण कुठे काय खाल्ले आणि कुठले पाणी प्यायलो ते. थोडी निवड करता आली तर सहलीतला आनंद तसूभरही कमी न होता हा त्रास टाळता येतो. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

गंमत अशी, की ही ठिकाणे वसलीच मुळी प्रकृतीसाठी. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात, म्हणजे १८२८-२९ च्या सुमारास, महाबळेश्वर थंड हवेचे ठिकाण म्हणून वसू लागले. पाचगणीला तर पुढे क्षयाचे रोगी हवापालटासाठी जाऊन राहत. त्या काळी हवापालट म्हणजे महिना-दोन महिन्यांचा मुक्काम. स्वयंपाकाचे माणूस बरोबर, जेवण वेळेवर, साधे आणि घरचे. आज आपण दोन दिवसांसाठी जातो आणि त्या दोन दिवसांत आठ-दहा ठिकाणी तोंड चालवतो. आजारपणाचे मूळ इथे आहे.

घाट चढण्यापूर्वी

वाईहून पसरणीचा घाट चढा किंवा पोलादपूरकडून आंबेनळीचा, वळणे काही चुकत नाहीत. कानाच्या आत तोल सांभाळणारे एक इंद्रिय आहे. गाडी वळते हे ते मेंदूला सांगत असते. त्याच वेळी डोळे मोबाइलवर किंवा पुढच्या सीटच्या पाठीवर खिळलेले असतील, तर ते "सगळे स्थिर आहे" असे सांगतात. या दोन निरोपांचा मेळ बसला नाही, की मळमळ सुरू होते.

घाटाआधी भरपेट मिसळ, वडापाव, तेलकट पुरीभाजी खाऊ नये. तेलातुपाचे पदार्थ पोटात जास्त वेळ रेंगाळतात. अगदी उपाशी पोटीही जाऊ नये, त्यानेही मळमळते. घाट लागण्यापूर्वी तास-दीड तास एखादी पोळी-चटणी, इडली, केळे किंवा दोन-चार बिस्किटे एवढे पुरे. ज्याला गाडी लागते त्याने पुढे बसावे आणि नजर दूर रस्त्यावर ठेवावी. आलेपाकाची वडी तोंडात ठेवल्याने काहींना बरे वाटते. उलटीची गोळी घ्यायची असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारून, घाटाच्या अर्धा-एक तास आधी घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बाहेरच पडते. या गोळ्यांनी झोप येते, म्हणून गाडी चालवणाऱ्याने त्या घेऊ नयेत. दोन वर्षांखालील मुलांना त्या मनाने देऊ नयेत.

सर्वांत आधी पाणी

जेवणाची जागा आपण पाहून ठरवतो. पाण्याच्या बाबतीत मात्र समोर आलेला पेला उचलतो आणि तोंडाला लावतो. पोटाच्या दृष्टीने पहिला प्रश्न पाण्याचा आहे.

महाबळेश्वराला पावसाळ्यात पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण ते पाणी उतारावरून वाहून जाते. गावाला वर्षभर पाणी पुरवण्यात वेण्णा तलावाचा मोठा वाटा आहे. हा तलाव साताऱ्याचे छत्रपती अप्पासाहेब महाराज यांनी १८४२ साली बांधून घेतला. सुटीच्या दिवसांत गावाच्या वस्तीच्या कितीतरी पट माणसे येतात. कुठल्याही डोंगरी गावात अशा वेळी टँकर, जुने हौद, गच्चीवरच्या टाक्या यांच्यावर ताण पडतो. तलावापाशी शुद्ध केलेले पाणी तुमच्या पेल्यापर्यंत येताना किती भांडी बदलते, हे आपल्याला दिसत नाही.

डोंगरावरचे पाणी म्हणजे आपोआप शुद्ध, हा समज फार जुना आहे. सिमल्याचे उदाहरण पाहा. तेही थंड हवेचे शहर, आणि आपल्याकडची पुष्कळ मंडळी तिथे जातात. २०१५ च्या अखेरीस आणि २०१६ च्या सुरुवातीस तिथे काविळीची मोठी साथ आली. शहराला पाणी पुरवणाऱ्या एका ओढ्यात मैलापाणी मिसळले होते. पाणी दिसायला स्वच्छ आणि थंडगार असले, तरी काविळीचा विषाणू डोळ्यांना दिसत नाही.

म्हणून माझा साधा सल्ला : घरून उकळून गार केलेल्या पाण्याचे दोन कॅन गाडीत ठेवा. मुक्कामाच्या ठिकाणी चहाची किटली मागून घ्या आणि रात्री पाणी उकळून ठेवा. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांच्या आसपास आहे. तिथे हवेचा दाब कमी असल्याने पाणी १०० नव्हे, तर सुमारे ९५ अंशांनाच उकळते. डाळ शिजायला वेळ लागतो तो यामुळेच. मात्र जंतू मरायला एवढी उष्णता पुरते. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट थांबा. सिमल्यासारख्या साडेसहा हजार फुटांपेक्षा उंच ठिकाणी तीन मिनिटे उकळा.

बाटलीचे पाणी घ्यायचे असेल तर झाकणाचे सील आपल्या हाताने तुटले पाहिजे. हॉटेलात "बाटली उघडूनच आणली साहेब" म्हणाले तर ती परत करा. पिऊन झालेली बाटली चुरगळून टाका, म्हणजे ती नळाखाली पुन्हा भरली जाणार नाही.

बर्फ म्हणजे गोठलेले पाणीच. गोठल्याने जंतू मरतीलच असे नाही. ताक, कोकम सरबत, लिंबू सरबत, सोलकढी, उसाचा रस हे सगळे मुळात चांगले, पण त्यात घातलेले पाणी आणि बर्फ कुठला, हे विचारल्याशिवाय घेऊ नका. चहा-कॉफी मात्र उकळते असल्याने बिनधास्त घ्या. थंडीत दुसरे काय हवे!

क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगेच्या मंदिरात गोमुखातून पडणारे पाणी सगळे भक्तिभावाने घेतात. श्रद्धेच्या आड मी येत नाही. तीर्थ मस्तकी लावावे, हवे तर ओठांना लावावे. पिण्यासाठी बाटल्या भरून घेणे, विशेषतः तान्ह्या मुलांना आणि गरोदर स्त्रीला पाजणे, टाळावे. कुठल्याही उघड्या झऱ्याच्या पाण्याला हाच नियम लागू आहे.

गरोदर स्त्रीबद्दल वेगळे सांगायला हवे. दूषित पाण्यातून होणारी 'ई' प्रकारची कावीळ इतरांना बहुधा काही आठवड्यांत सोडते. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ती झाली, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे शंभरातील वीस ते पंचवीस स्त्रिया दगावू शकतात. तेव्हा घरात कुणी गरोदर असेल, तर तिच्यासाठी पाण्याचा हट्ट धरणे हे लाड नव्हेत, ती गरज आहे.

जेवायला कुठे बसावे?

मोठी पाटी, रंगीत दिवे आणि बारा पानांचे मेनूकार्ड यांवर जाऊ नका. एका स्वयंपाकघरात पंजाबी, चायनीज, गुजराती, दाक्षिणात्य असे शंभर पदार्थ रोज ताजे होत नाहीत. पुष्कळसे आधी करून ठेवलेले असते आणि ऑर्डर आली की गरम करून वाढतात. आणि "पुन्हा गरम केले म्हणजे झाले" हा समज चुकीचा आहे. शिजवून बाहेर ठेवलेल्या भातात किंवा मलईच्या पदार्थात काही जंतू विष तयार करतात. गरम केल्यावर जंतू मरतात, ते विष मात्र तसेच राहते. जेवणानंतर एक ते सहा तासांत भडाभडा उलट्या होतात त्या याच विषाने. थंड हवेत अन्न टिकते, असेही धरून चालू नका. बाहेर कडाका असला तरी हॉटेलचे स्वयंपाकघर चुलींमुळे उबदारच असते.

मी पुढील खुणा पाहतो :

एक, जिथे स्थानिक दुकानदार, टॅक्सीवाले, एस.टी.चे चालक-वाहक जेवतात ती जागा. त्यांना तिथे रोज जेवायचे असते. रोज पोट बिघडवणाऱ्या ठिकाणी ते जाणार नाहीत.

दोन, पदार्थ मोजके आणि गिऱ्हाईक भरपूर. पोळी-भाजी, आमटी-भात, पिठले-भाकरी देणारी साधी खानावळ बहुधा बरी, कारण तिथले अन्न त्याच वेळी होते आणि त्याच वेळी संपते. प्रतापगडाच्या बाजूला झुणका-भाकर मिळते. डोळ्यांसमोर थापलेली गरम भाकरी आणि वाफाळते पिठले यांसारखे सुरक्षित जेवण नाही. सोबतचा चिरलेला कांदा आणि ताक यांच्याबाबत मात्र पाण्याचा नियम आठवावा.

तीन, वेळ. दुपारी साडेबारा आणि संध्याकाळी साडेसात ही चांगली वेळ. तीन वाजता मिळते ते सकाळचे, रात्री साडेदहाला मिळते ते दुपारचे असण्याचा संभव जास्त.

चार, हात धुण्याची जागा. गिऱ्हाइकांच्या बेसिनपाशी साबण नसेल, तर आत स्वयंपाक करणाऱ्यांकडे असेल असे मानायला आधार नाही.

पाच, बिल. १ जानेवारी २०२२ पासून उपाहारगृहांनी बिलावर अन्नसुरक्षा परवान्याचा १४ आकडी क्रमांक छापणे आवश्यक आहे. क्रमांक असला म्हणजे अन्न चांगलेच, असे नव्हे. पण काही झाले तर तक्रार कुणाची करायची हे कळते. म्हणून बिल मागा आणि दोन-तीन दिवस जपून ठेवा.

चिकन-मटण खाणाऱ्यांनी ते आतपर्यंत शिजले आहे का पाहावे. हाडाजवळ गुलाबी दिसले तर परत पाठवावे. चिरलेली कोशिंबीर बाहेर टाळावी.

तलावाकाठच्या गाड्या

वेण्णा तलावाच्या काठी जाऊन काहीच खायचे नाही, असे सांगितले तर माझे कुणी ऐकणार नाही आणि तसे सांगण्याची गरजही नाही. निखाऱ्यावर भाजलेले मक्याचे कणीस, उकडलेले कणीस, कढईतून थेट कागदावर आलेली कांदाभजी, गरम भाजलेले चणे-शेंगदाणे हे सगळे खावे. या पदार्थांना शेवटची भेट आगीची होते, म्हणून ते बरे. कणसावर लिंबू मात्र एकच फोड मीठ-तिखटात बुडवून सर्वांना चोळतात. आपल्यासाठी नवी फोड कापायला सांगा.

ज्या पदार्थांना शेवटची भेट हाताची किंवा पाण्याची होते, ते सोडा. पाणीपुरी, ओल्या चटण्यांची भेळ, बर्फाचा गोळा, कापून ठेवलेली फळे ही त्यातली. ही एक ओळ लक्षात ठेवली तरी गाडीवरचे निम्मे प्रश्न सुटतात.

स्ट्रॉबेरी, मलई आणि मध

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत ती भरपूर असते आणि ती जरूर खावी. 'क' जीवनसत्त्व तिच्यात चांगले असते. पण हे फळ जमिनीलगत वाढते, त्याला सोलता येत नाही आणि त्याची साल खडबडीत असते, त्यामुळे माती आणि फवारणीचा अंश तिथे अडकून राहतो. टोपलीवर पाणी शिंपडले की फळ ताजे दिसते, त्याने ते धुतले जात नाही. पेटी विकत घ्या, मुक्कामावर आणा, खाण्याच्या अगदी आधी वाहत्या पाण्याखाली धुवा, शेवटी उकळून गार केलेल्या पाण्याने विसळा आणि मग देठ काढा. आधी देठ काढून धुतले, तर घाण पाणी आत शिरते. गाजर आणि लाल मुळ्यांनाही हेच करा. तुती-रास्पबेरी फार नाजूक, त्यांना हलक्या हाताने धुवावे.

मलई घातलेली स्ट्रॉबेरी खायची तर मलई आपल्यासमोर फ्रीजमधून निघाली पाहिजे. काचेच्या कपाटात सकाळपासून भरून ठेवलेले पेले सुंदर दिसतात, पण त्यांच्याकडे पाहण्यातच शहाणपण आहे.

मध हे या डोंगराचे दुसरे वैभव. जवळचे मांघर हे गाव २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. मध जरूर आणावा. मात्र एक वर्षाखालील बाळाला मधाचे बोटही चाटवू नये. मधात एका जंतूची बीजे असू शकतात. मोठ्यांना ती काही करत नाहीत, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करतात आणि बाळाचे स्नायू लुळे पडतात. हा आजार विरळा आहे, पण जिवावर बेतणारा आहे. आजीने नातवासाठी प्रेमाने आणलेली बाटली वर्षभर फळीवर राहू द्यावी.

मधुमेही आणि रक्तदाबाचे रोगी

बाजारात फिरताना जॅम, चिक्की, फज, सरबते यांचे 'नुसते चाखून बघा' असे दहा चमचे होतात. मधुमेह्याला ते दहा चमचे साखरेएवढेच. याच्या उलट धोकाही असतो. सकाळची गोळी किंवा इन्सुलिन घेतले, पॉइंट पाहायला चढ-उतार केला, घाटात वाहने अडकली आणि जेवण तीन वाजता मिळाले, तर साखर एकदम उतरते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, असंबद्ध बोलणे ही लक्षणे दिसली, की लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजावी आणि पाठोपाठ काहीतरी खायला द्यावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, थेट रुग्णालयात न्यावे. मधुमेह्याच्या खिशात साखर किंवा ग्लुकोज आणि बिस्किटांचा पुडा हवाच. इन्सुलिन गाडीत उन्हात ठेवू नये आणि बर्फालाही चिकटवू नये.

रक्तदाबाच्या रोग्यांनी लोणची, पापड, खारे दाणे बेताने खावेत. सहलीचे दोन दिवस म्हणून गोळ्यांना सुटी देऊ नये.

आणि 'ते' पेय

थंडीत दारूने ऊब येते, असे म्हणतात. प्रत्यक्षात दारूने त्वचेतील रक्तवाहिन्या फुलतात, अंग गरम वाटते आणि शरीरातील उष्णता बाहेर निघून जाते. शरीर आतून गारच होते. मधुमेहाची औषधे घेणाऱ्याने उपाशी पोटी दारू घेतली, तर साखर धोक्याइतकी उतरू शकते आणि बरोबरचे लोक "चढली आहे" म्हणून झोपू देतात. यात माणसे दगावतात. गाडी चालवणाऱ्याबद्दल कायदा स्पष्ट आहे : १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क आढळला तर गुन्हा. पण घाटाला मिलिग्रॅम कळत नाहीत. उतरणार त्या दिवशी आणि आदल्या रात्री उशिरा चालकाने एक थेंबही घेऊ नये.

पोट बिघडलेच तर

सगळी काळजी घेऊनही जुलाब होऊ शकतात. पहिले औषध जलसंजीवनी. ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण विरघळवावे आणि ते चोवीस तासांत संपवावे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मूल उलटी करत असेल तर दहा मिनिटे थांबून चमच्या-चमच्याने पाजत राहावे. खोक्यातली गोड पेये ही जलसंजीवनी नव्हे. अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' हा शब्द वापरण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली आहे. जुलाब एकदम बांधणाऱ्या गोळ्या मुलांना देऊ नयेत. प्रतिजैविके मनाने सुरू करू नयेत.

मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, सहा तासांत लघवी झाली नाही, शौचात रक्त पडले, किंवा उलट्यांमुळे पाण्याचा घोटही ठरेना, तर सहल तिथेच थांबवावी आणि जवळचा दवाखाना गाठावा. "घरी गेल्यावर आपल्या डॉक्टरांना दाखवू" म्हणून घाटातून चार-पाच तासांचा प्रवास करू नये. कोरडे पडलेल्या मुलाला तेवढा वेळ नसतो.

शेवटची गोष्ट सर्वांत जास्त विसरली जाते. विषबाधेच्या उलट्या काही तासांत होतात, साधे जुलाब दोन-तीन दिवसांत. टायफॉइड मात्र एक ते तीन आठवड्यांनी डोके वर काढतो आणि पाण्यातून होणारी कावीळ दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांनंतरही उगवते. तोपर्यंत फोटो पाहून झालेले असतात, चिक्की संपलेली असते आणि सहलीशी कुणी संबंध जोडत नाही. परतल्यावर दोन महिन्यांच्या आत सतत ताप येऊ लागला, अन्नावरची वासना गेली, लघवी गडद पिवळी झाली, तर गावठी औषधात वेळ न घालवता डॉक्टरांकडे जा. आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण होऊन सांगा, की आम्ही अमुक तारखेला महाबळेश्वरला गेलो होतो आणि तिथे अमुक ठिकाणचे पाणी प्यायलो होतो. त्या एका वाक्याने निदान लवकर होते.